भुतांच्या बंगल्यातली काळी गोटी

१

पेटीचा खण ओढला आणि लॉजचे मास्टर, म्हणजे प्रमुख, जालभाई यांचा हात तिथेच थबकला. खणात पांढऱ्या गोट्या होत्या आणि त्यांच्यात, दहीभातात खडा निघावा तशी, एक काळी गोटी पडलेली होती.

सोलापूरच्या त्या मेसन लॉजचा, म्हणजे शपथेने बांधलेल्या त्या बंधुमंडळाचा, नियम साधा होता, आणि साधे नियम असतात तसाच निर्दयही. नवा माणूस सभासद करून घ्यायचा तर सगळ्यांनी गुप्त मत द्यायचं. पांढरी गोटी म्हणजे ‘या’, काळी म्हणजे ‘नको’. सगळ्या पांढऱ्या निघाल्या की तो माणूस आपला, ‘ब्रदर’ झाला. एक जरी काळी निघाली तरी दार बंद. आणि ती कुणी टाकली हे विचारायचीसुद्धा चोरी. विचारणाऱ्याने शपथ मोडली असं धरून त्यालाच बाहेरचा रस्ता दाखवायचे.

सेक्रेटरी कमलाकर कासेगावकर वकील आपल्या मेजामागून उठले आणि गोट्या मोजायला लागले. जितकी डोकी हजर होती तितक्याच गोट्या होत्या. म्हणजे बाहेरून कुणी काही घातलं नव्हतं. मत देण्याआधी पेटी रिकामी असल्याचं सगळ्यांनी पाहिलं होतं. काळी गोटी याच खोलीतल्या कुणाच्या तरी हातातून पडली होती.

नाव ज्यांचं होतं ते डॉक्टर नरहरी येमुल. साखर पेठेत मागावर लुगडी विणणाऱ्या बापाचा मुलगा, घरात तेलुगू बोलणारा, मुंबईला शिकून डॉक्टर होऊन परत आलेला. सोलापूरच्या लॉजमध्ये पारशी होते, साहेब होते, ब्राह्मण, मराठे, एक बोहरी व्यापारीसुद्धा होते. विणकराच्या घरातला मात्र आजवर कुणी नव्हता. त्यांचं नाव सुचवलं होतं रावसाहेब गंगाधरपंत माढेकरांनी. रावसाहेब निवृत्त इंजिनियर. लॉजचा हा बंगलाही त्यांनीच बांधलेला. लॉजचे सगळे विधी त्यांना तोंडपाठ होते. इतरांनी पुस्तक उघडून जे वाचावं ते रावसाहेब समोर बघत, एक अक्षर न अडखळता म्हणत. त्यांनी सुचवलेलं नाव कुणी नाकारेल असं जालभाईंना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

रावसाहेब सावकाश उभे राहिले.

“या खोलीत आपण एकमेकांना भाऊ म्हणतो,” ते म्हणाले. “आज त्यातल्या एका भावाला विणकराच्या पोराला भाऊ म्हणण्याची लाज वाटली. तो कोण, हे मला कुणी सांगायला नको.”

आणि त्यांनी आपलं तोंड सेक्रेटरीच्या मेजाकडे वळवलं.

२

कमलाकररावांना घाम फुटला. पौषातली थंडी होती, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा नुकती उठलेली होती, तरी फुटला.

रावसाहेबांच्या संशयाला पाय होते, हीच तर पंचाईत. वकिलांचा मेहुणा वेणीमाधव हाही लॉजचा सभासद आणि धंद्याने डॉक्टर. नव्या पेठेत त्याचा दवाखाना चांगला चालायचा, पण येमुल आल्यापासून बाकावरचे निम्मे रोगी तिकडे गेले होते. तेव्हा गोटी एक तर मेहुण्याने टाकली किंवा मेहुण्यासाठी वकिलांनी, असा रावसाहेबांचा हिशेब. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला : “माझ्या घराची पायरी चढू नकोस.”

हे ऐकायला सोपं, सोसायला कठीण. कमलाकरचे वडील लवकर गेले. मॅट्रिकच्या परीक्षेला बसवलं ते रावसाहेबांनी, वकिली सुरू केल्यावर पहिला पक्षकार पाठवला तो रावसाहेबांनी, लॉजमध्ये हाताला धरून आणलं तेही त्यांनीच. त्या माणसाने पायरी बंद केल्यावर कमलाकररावांना जेवण जाईना.

जालभाई मिलचे मॅनेजर. त्यांनी वकिलांना ऑफिसात बोलावून घेतलं. बाहेर माग धडधडत होते म्हणून ते ओरडूनच बोलत.

“रावसाहेब काय बोलले ठाऊक आहे? पुढच्या बैठकीत त्या माणसाने उभं राहावं, नाहीतर मी ॲप्रन काढून ठेवतो, लॉज सोडतो! ते गेले की अर्धा लॉज जाईल. अने शहरात काय नाचक्की होईल, बाबा! तू वकील आहेस. शोधून काढ.”

“शोधतो. पण प्रत्येकाला विचारावं लागेल.”

“विचारायचं नाही हां! कोणी कोणती गोटी टाकली ते विचारलंस तर मलाच तुला काढावं लागेल.”

म्हणजे विहिरीत उतरायचं, पण भिजायचं नाही. वकिलांनी आजवर कोर्टात पुष्कळ साक्षीदार उलटे-सुलटे केले होते. पण मुख्य प्रश्न न विचारता उलटतपासणी करायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

घरी आले तर पद्मजाबाईंनी ताट वाढता वाढता विचारलं, “सापडली का काळी गोटी?”

“तुला कुणी सांगितलं?”

“भुतांच्या बंगल्यातलं गुपित अख्ख्या सोलापूरला ठाऊक असतं. फक्त तुम्हीच आपले कुजबुजत बसता.” लॉजच्या बंद दारामुळे आणि दाराशी तलवार घेऊन उभ्या राहणाऱ्या राखणदारामुळे गावाने त्या बंगल्याला हे नाव ठेवलेलं होतं. “आणि एक सांगते. तुमच्या रावसाहेबांची एवढी काळजी नका करू. परवा सिद्धेश्वराच्या देवळात समोरासमोर आले, मी वाकून नमस्कार केला, तर नाकासमोर बघत निघून गेले! ही तर तुमची भानगड व्हायच्या आधीची गोष्ट. एवढा गर्व चांगला नाही माणसाला.”

“गर्व नाही गं. तंद्रीत असतील.”

“वर्षभर तंद्रीतच आहेत मग. माझी वहिनी प्रभाही तेच म्हणते. माझ्या भावावर आळ आलाय, आणि तुम्हाला त्यांची तंद्री दिसते!”

वकिलांनी निमूटपणे आमटीत भाकरी कुस्करली. बायकोचा भाऊ चोर ठरला तरी घरात आग, न ठरला तरी बाहेर आग.

३

पहिली गाठ हिंदुराव इनामदारांची. लॉजमध्ये जातीचा ताठा कुणाला असेल तर तो यांना, असं लोक म्हणत. इनामदार मळ्यातल्या बाजेवर बसून हुरडा खात होते. वकिलांना त्यांनी शेजारी बसवलं आणि शेंगांच्या चटणीचा वाडगा पुढे सरकवला.

“खा. तुमचं तोंड बगूनच कळतंय कशापायी आलाय. इचारायचं तर न्हाय तुमाला, मग मीच बोलतो. मला डाक्टर नको असता तर मी पेटीत गोटी कशाला लपवून टाकीन? मला तोंड हाय की! भर बैठकीत म्हनलो असतो, नको म्हनून.”

“पण तुम्ही म्हणाला होतात की लॉज आता बाजार होणार.”

“म्हनलो व्हतो. मग गेल्या श्रावनात माझ्या नातवाला घटसर्प झाला. येमुल डाक्टर रातभर उशाशी बसला. पोरगं वाचलं. आता मी त्याला काळी गोटी टाकीन व्हय? मानूस हाय का जनावर मी?”

हिंदुराव रागावले की त्यांच्या मिशा थरथरत. त्या आता थरथरत होत्या. वकिलांनी मनातल्या मनात त्यांचं नाव खोडलं. आणि खोडल्यावर जास्तच घाबरले, कारण आता मेहुण्याच्या दिशेने एक पाऊल पडलं होतं.

वेणीमाधव दवाखान्यात एकटाच बसला होता. त्याने प्रश्नाची वाटच पाहिली नाही.

“भावोजी, तुम्हीसुद्धा?”

“मी काही म्हणालो का?”

“म्हणायला कशाला हवं! अहो, माझे रोगी त्याच्याकडे गेले हे खरं. पण तो काही लॉजमध्ये रोगी तपासायला येणार नव्हता. उलट भाऊ झाला असता तर अवघड रोगी माझ्याकडेही पाठवायला लागला असता. मला फायदाच होता.”

हेही खरं होतं. वकिलांनी वाट बदलली. “त्या दिवशी मत देताना नेहमीपेक्षा काही वेगळं झालं का?”

वेणीमाधवने आठवून पाहिलं. लॉजमध्ये डीकनचं काम त्याच्याकडे होतं. पेटी मांडायची, उचलायची ती त्यानेच. “वेगळं म्हणजे एवढंच, की रावसाहेबांचा गुडघा दुखत होता. नेहमी आपण सगळे उठून मधल्या मेजावरच्या पेटीपाशी जातो. जालभाई म्हणाले, आज त्यांनाच पहिला मान, पेटी त्यांच्या खुर्चीपाशी घेऊन जा. मी नेली. त्यांनी मत दिलं. मी पेटी परत मेजावर ठेवली. मग बाकीचे एकेक करून आले.”

“रावसाहेब मत देत होते तेव्हा तू कुठे बघत होतास?”

“दाराकडे. मान फिरवून. नियमच आहे, मत देणाऱ्याकडे कुणी बघायचं नाही. सगळ्यांच्याच माना खाली होत्या.”

सगळ्यांच्या माना खाली, आणि पेटी एकट्या वेणीमाधवच्या हातात! खुर्चीपासून मेजापर्यंत येताना त्याने आपली गोटी टाकून घेतली असेल तर? मग मोजणी बरोबरच येणार. वकील पायऱ्या उतरले ते डोकं धरूनच. मेहुणा खोटं बोलत असेल तर फार चांगलं बोलत होता, आणि खरं बोलत असेल तर काळी गोटी टाकायचं कारण असलेला कुणी उरतच नव्हता.

४

बाकीच्यांकडेही ते जाऊन आले. कुणी चहा दिला, कुणी उपदेश दिला. सगळ्यांनाच येमुल हवे होते. शेवटी वकील खुद्द येमुलांकडेच गेले. ज्याच्यावर घाव पडला त्याला तरी शत्रू ठाऊक असेल.

डॉक्टर येमुल हात धूत होते. बारीक चणीचा, शांत माणूस. नकार मिळाल्याचं दुःख चेहऱ्यावर शोधलं तर सापडेना. वकिलांना ते विचित्रच वाटलं.

“डॉक्टर, मला फार लाज वाटते. तुमचं कुणाशी वैर आहे का?”

“नाही हो. आणि तुम्ही शोधू नका कुणाला. मला राग नाही.” त्यांनी पंच्याला हात पुसले. मग अचानक विचारलं, “एक सांगाल? रावसाहेबांनी आपलं मत स्वतःच दिलं? स्वतःच्या हाताने, कुणाच्या मदतीशिवाय?”

“म्हणजे काय? अर्थात. पहिलं मत त्यांचंच.”

येमुलांनी डोळे मिटले. क्षणभर त्यांचा चेहरा रडवेला झाल्यासारखा वाटला.

“मी विचारलं हे विसरा,” ते म्हणाले. “कुणालाही सांगू नका. कृपा करून ही चौकशी थांबवा, वकीलसाहेब.”

आता वकिलांच्या डोक्याचं पार भरीत झालं. येमुलांचा संशय रावसाहेबांवर? ज्यांनी लहानपणी त्यांना फुकट गणित शिकवलं, ज्यांनी स्वतः नाव सुचवलं, त्यांच्यावर? उघड नाव सुचवायचं आणि गुपचूप काळी टाकायची, असली दुटप्पी माणसं जगात असतात. कोर्टात रोज दिसतात. पण रावसाहेब? 

पाय आपसूक रावसाहेबांच्या घराकडे वळले. पायरी चढायची मनाई होती, तरी फाटकातून आत गेले. ओसरीवर रावसाहेब आरामखुर्चीत बसले होते आणि त्यांची नात लीला त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. वकील अंगणात उभे राहिले आणि काही न बोलता हात जोडले. लीलाने वर पाहिलं आणि वाचायची थांबली. रावसाहेब समोरच बघत होते. अंगणाकडे, वकिलांकडे, त्यांच्या जोडलेल्या हातांकडे. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

“थांबलीस का? वाच पुढे,” ते लीलाला म्हणाले.

कमलाकररावांचे डोळे भरून आले. इतका तिरस्कार! माणूस कुत्र्यालाही हाड म्हणतो. ते आल्या पावली परत फिरले, आणि त्यांना पहिल्यांदाच वाटलं की रावसाहेबच दोषी असावेत. दोषी माणूसच असा दगड होऊ शकतो.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी वकिलांनी लॉजचा राखणदार ईरप्पा याच्याकडून बंगला उघडून घेतला. आपला मेहुणा चालता चालता पेटीत गोटी टाकू शकतो की नाही, हे एकदाचं बघून टाकायचं होतं.

पेटी चौकोनी, शिसवी. वर मधोमध हात जाईल एवढं भोक. भोकाच्या दोन बाजूंना दोन पितळी वाट्या ठोकून बसवलेल्या, एकीत पांढऱ्या गोट्या, दुसरीत काळ्या. गोट्या सगळ्या सारख्याच, हाताला फरक कळत नसे. खाली एका अंगाला खण. मेजावर पेटी ठेवताना खण मत देणाऱ्याच्या पुढ्यात येई. पांढरी वाटी उजवीकडे, काळी डावीकडे. वर्षानुवर्षं असंच.

“ईरप्पा, ही पेटी उचल आणि मी रावसाहेबांच्या खुर्चीत बसतो, तिथे घेऊन ये.”

“आणतो की, साहेब.”

ईरप्पाने पेटी उचलली तसा खण घसरून उघडायला लागला. त्याने पेटी फिरवून खण पोटाशी दाबून धरला आणि चालू लागला. दोन्ही हात पेटीखाली, खण पोटाशी. असं धरल्यावर कुणालाही वर गोटी टाकता येणं शक्य नव्हतं. वकिलांनी सुटकेचा श्वास सोडला. निदान पेटीशी तरी मेहुण्याने लबाडी केली नव्हती.

“आता मान फिरव आणि दाराकडे बघ.”

ईरप्पाने मान फिरवली. वकील त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, त्याला कडेने काही दिसतं की नाही ते न्याहाळत. बघता बघता त्यांनी सवयीने उजवा हात पुढे केला, उजवीकडच्या वाटीतली गोटी उचलली आणि पेटीत टाकायला नेली. टाकता टाकता सहज नजर गेली.

हातात काळी गोटी होती.

वकील खुर्चीतच खिळले. खण ईरप्पाच्या पोटाशी, म्हणजे पेटी त्यांच्या दृष्टीने उलटी. पांढरी वाटी डावीकडे गेली होती, काळी उजवीकडे आली होती. वेणीमाधवनेही पेटी अशीच धरली असणार. नाहीतर खण वाटेतच उघडला असता. आणि असं धरून ती फक्त एकाच माणसापुढे गेली होती. मान म्हणून.

पण त्यात काय? ज्याला डोळे आहेत तो बघूनच उचलेल की. मी बघत नव्हतो म्हणून फसलो. जो बघत नाही तोच फसेल.

जो बघत नाही.

“साहेब, बरं वाटंना काय?” ईरप्पाने विचारलं, कारण वकिलांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

देवळात पद्मजेने नमस्कार केला, पण बोलली नाही. अंगणात आपण हात जोडले, पण बोललो नाही. वर्तमानपत्र नात वाचते. पुस्तक न उघडता विधी म्हणतात. या बंगल्यात ते एकदाही ठेचकाळत नाहीत, कारण त्याची वीट न् वीट त्यांनी लावली आहे. आणि येमुल डॉक्टर विचारतात, कुणाच्या मदतीशिवाय मत दिलं का.

गर्व नव्हता. तिरस्कार नव्हता. रावसाहेबांना दिसतच नव्हतं. आपल्या हाताने, आपल्याच लाडक्या विद्यार्थ्याला, त्यांनीच काळी गोटी टाकली होती, आणि ते त्यांना ठाऊकही नव्हतं.

६

वकील तडक येमुलांच्या दवाखान्यात गेले आणि त्यांनी रावसाहेबांच्या डोळ्यांचं विचारलं.

“रोग्याने शपथ घातली आहे,” येमुल म्हणाले. “डॉक्टर बोलू शकत नाही.”

“मीही शपथेत आहे. पेटीजवळ काय घडलं ते लॉजबाहेर बोलू शकत नाही.”

“म्हणजे तुमच्या तोंडाला कुलूप, माझ्याही.” येमुल किंचित हसले. “पण तुम्हाला कळलंय.”

“तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं. नुसता एक शब्द बोलला असतात तर तुमचा अपमान धुऊन निघाला असता.”

“आणि त्यांचा?” येमुल म्हणाले. “तुम्ही त्यांना ओळखता. लोकांनी कीव केलेली त्यांना सोसणार नाही. मला लॉजमध्ये नाही घेतलं तर माझं काही अडत नाही, वकीलसाहेब. त्यांचं सगळं अडेल.”

कमलाकररावांना त्या क्षणी वाटलं, लॉजमधल्या सगळ्या ॲप्रनवाल्यांपेक्षा हा बाहेर ठेवलेला माणूस जास्त भाऊ आहे. आणि आपली स्वतःची लाज वाटली. काल याच रावसाहेबांना आपण दुटप्पी ठरवून मोकळे झालो होतो.

रस्त्याने जाताना त्यांनी ठरवून टाकलं. बैठकीत रावसाहेब म्हणतील, उभा राहा. आपण उभं राहायचं. आपल्यावर संशय आहेच, तो खरा होईल एवढंच. रावसाहेब पुन्हा कधी बोलणार नाहीत, पण ताठ मानेने तरी राहतील. पद्मजेला काय सांगायचं, एवढा एकच प्रश्न त्यांना सुटला नाही.

७

बैठकीच्या संध्याकाळी सगळे दिवे लावले होते. दार बंद झालं. रावसाहेब आपल्या खुर्चीपाशी उभे राहिले, पांढरा फेटा, पांढरा ॲप्रन.

“मी कारण विचारणार नाही,” ते म्हणाले. “नावही घेणार नाही. ज्याने काळी गोटी टाकली त्याने फक्त उभं राहावं. उभा राहिला तर मी त्याला माफ करीन. नाही राहिला तर मी या घरातून जातो.”

कमलाकरराव उठले. खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. वेणीमाधवने त्यांचा कोट मागून खेचला, तो त्यांनी सोडवून घेतला आणि दबक्या पावलांनी जाऊन रावसाहेबांच्या अगदी समोर, दिव्याच्या उजेडात, मान खाली घालून उभे राहिले.

रावसाहेब वाट बघत होते.

सगळे वकिलांकडे बघत होते. मग रावसाहेबांकडे. मग पुन्हा वकिलांकडे.

“कुणीच नाही?” रावसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. “एवढ्या माणसांत एकाचीही छाती नाही उभं राहायची? हेच का तुमचं बंधुत्व?”

जालभाईंनी तोंडावर हात ठेवला. हिंदुरावांचा जबडा उघडाच राहिला. कमलाकररावांच्या लक्षात आलं की आपण केवढी चूक केली. झाकायला उठलो होतो आणि भर बैठकीत उघडं करून बसलो. नुसतं ‘मी’ म्हणून उठायला हवं होतं. आता ओरडावं की खाली बसावं तेही कळेना.

“रावसाहेब,” ते कसेबसे म्हणाले, “मी उभा आहे.”

आवाज इतक्या जवळून आला की रावसाहेब दचकले.

“कमलाकर? कधीपासून?”

कुणीच बोललं नाही. त्या गप्पपणातून रावसाहेबांना कळलं, की आपल्याला दिसत नाही हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. पण होते ते जुने इंजिनियर. हिशेब पुरा केल्याशिवाय थांबणाऱ्यांपैकी नव्हते.

“तू टाकली नाहीस,” ते हळूहळू म्हणाले. “टाकणारा ‘मी’ म्हणून उठला असता. तू मला झाकायला उठलास. कशापासून झाकायला? वेणीमाधव! त्या दिवशी पेटी माझ्यापाशी आणलीस तेव्हा खण कुणीकडे होता?”

“माझ्या पोटाशी, रावसाहेब,” वेणीमाधव पुटपुटला, आणि मग त्यालाही उमगलं.

रावसाहेबांनी आपला उजवा हात वर केला आणि तो जणू दुसऱ्याचाच असावा तसा समोर धरला.

“मग काळी गोटी माझी,” ते म्हणाले.

जालभाई उठून पुढे यायला लागले, पण रावसाहेबांनी त्यांच्या पावलांचा आवाज ऐकून हात आडवा केला.

“बसा. मला बोलू द्या. दीड-दोन वर्षं झाली. आधी कडा गेल्या, मग चेहरे गेले. काचबिंदू. औषध नाही. माणसं ओळखू येईनात म्हणून मी ओळख देणंच सोडलं. लोक म्हणाले, म्हातारा गर्विष्ठ झाला. मला बरं वाटलं. आंधळा म्हणण्यापेक्षा गर्विष्ठ म्हटलेलं बरं, असं वाटलं. त्या गर्वापायी मी माझ्या पोरासारख्या विद्यार्थ्याच्या तोंडावर दार लावलं, आणि दुसऱ्या पोरासारख्याला माझ्या दारातून हाकललं. माझा ॲप्रन मीच काढून ठेवायला हवा.”

“अजिबात न्हाय!” हिंदुराव गरजले. “कोन काढतो ते बगतो मी!”

एरवी लॉजमध्ये असं ओरडणं शिस्तीत बसत नसे. जालभाईंनी हातोडी उचलली आणि न वाजवताच खाली ठेवली. चुकीने पडलेलं मत हे मत नव्हे, असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे पुन्हा मतदान लावलं. नियमात ते कितपत बसतं हे विचारायची वकिलांनीही तसदी घेतली नाही.

या वेळी रावसाहेब स्वतः मेजापर्यंत चालत गेले. पेटीवर हात ठेवून थांबले.

“कमलाकर, माझा हात पांढऱ्या वाटीत ठेव. माझं मत आज गुप्त नको. सगळ्यांनी बघा.”

सगळ्यांनी बघितलं. मग माना खाली घातल्या आणि एकेक जण येऊन गेला. खण ओढला तेव्हा खणात सगळी पांढरीच पांढरी होती. येमुलांकडे निरोप घेऊन वेणीमाधव आपणहून धावला.

बैठक संपली, तरी कुणी टोपी घेईना.  शेवटी जालभाई रावसाहेबांपुढे गेले, त्यांचा हात हातात घेतला आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, “मी जालभाई.”

त्यांच्यामागे हिंदुराव आले. “मी हिंदुराव. आवाजावरनं कळलंच असंल म्हना.”

“कळलं,” रावसाहेब म्हणाले, आणि त्यांच्या ओठांवर हसू फुटलं.

मग सगळेच रांगेने येऊ लागले. प्रत्येकाने हात धरायचा, नाव सांगायचं आणि बाजूला व्हायचं. कुणी ठरवून दिलं नव्हतं, पण कुणी चुकलंही नाही. रावसाहेब प्रत्येकाचं नाव पुन्हा उच्चारत होते आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी गालांवरून ओघळत होतं. पुसायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

सगळ्यांच्या शेवटी कमलाकरराव उभे राहिले. त्यांनी हात धरला.

“कोण?” रावसाहेबांनी विचारलं. उत्तर आलं नाही. त्यांनी दुसरा हातही त्या हातावर ठेवला.

“नाव सांग रे,” ते म्हणाले. “मला दिसत नाही.”

“मी कमलाकर.”

“चल, मला घरी पोचव,” रावसाहेब म्हणाले आणि सगळ्यांदेखत त्यांचा दंड धरून दाराकडे निघाले.